एक वाट मोकळी ठेवा

गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घातलेली बाई दिसली, की रस्त्यानं जाणारा प्रत्येक पुरुष मेकॅनिक होतो. पाणी संपलं असेल, बॅटरी गेली असेल, विकून टाका. तिन्ही सल्ले मला ह्याच क्रमानं मिळतात. मी मान हलवते आणि हातातलं काम चालू ठेवते. तापमान ह्या विषयात तरी मला कुणी शिकवायला येऊ नये. दवाखान्यांचे, दूध डेअऱ्यांचे, शीतगृहांचे तापमापक आमच्या प्रयोगशाळेत येतात. ते खरं बोलतात की थापा मारतात हे मी तपासते आणि खऱ्यावर हिरवी चिकटपट्टी लावते. माणसांसाठी अशी सोय नाही. ते बरं आहे की वाईट, माझं अजून ठरलेलं नाही.

गाडी जुनी आणि लहान. सपाट रस्त्यावर अगदी गुणी बाळ. पण चढ लागला की बॉनेटखालची हवा भट्टीसारखी तापायची, पेट्रोलच्या नळीत वाफ धरायची आणि बाईसाहेब मध्येच बसकण मारायच्या. तासाभरानं थंड झाल्या की काही घडलंच नाही अशा थाटात सुरू. आणि माझ्या भावाचं गाव नेमकं डोंगरापलीकडे.

त्या उन्हाळ्यात भाचीला आमच्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिनंच फोन केला. "आत्या, मी तुझ्याकडेच राहणार. हॉस्टेलच्या खोल्या बघून आले मी. खिडक्या एवढ्याशा, मला तर बघूनच कोंडल्यासारखं झालं."

मी काही बोलायच्या आत भावानं फोन ओढून घेतला. "तू तिला हो म्हणू नकोस. दोनदा त्या डब्यातून चढावर अडकलीस, दोन्ही वेळा ट्रकवाल्यानं आणून सोडलं. स्वतःची गाडी सांभाळता येत नाही तुला, पोरगी काय सांभाळशील?"

"गाडी घेऊन येते," मी म्हटलं. "वाटेत एकदाही न थांबता. मग पाठवशील?"

"ये तर आधी. नाहीतर मी हॉस्टेल नक्की करतो."

मला ती हवी होती. घरात दुसऱ्या माणसाच्या चपला हव्या होत्या. लोक एकटा जीव सदाशिव म्हणतात, पण त्या सदाशिवाला बायको होती, दोन मुलं होती, शिवाय एक बैल. मी रोज संध्याकाळी कुलूप काढते तेव्हा सकाळी ठेवलेली प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे असते. चहाचा कप जसा ठेवला तसा. अशा नीटनेटक्या घराचा मला अलीकडे फार राग यायला लागला होता.

तेव्हा गाडीचं काय ते बघणं आलं. मेकॅनिक म्हणाला, जुनी झाली की तापणारच. मी म्हटलं, आपला हात जगन्नाथ. उष्णता रोखणारा एक लेप मिळतो, पांढरट राखाडी, ब्रशनं लावायचा. इंजिनातला जळका धूर ज्या ओतीव नळातून बाहेर पडतो त्याला लावला, की उष्णता नळाच्या आतच राहते आणि धुराबरोबर मागून निघून जाते, बॉनेटखाली पसरत नाही. रंगाच्या दुकानात तो मिळाला. रंगवाला जाड भिंगांच्या चष्म्याचा, सुपारी कातरल्यासारखं मोजून बोलणारा माणूस.

"कशाकशाला लावणार, ताई?"

"जे जे तापतं त्या सगळ्याला."

"सगळ्याला नको," तो म्हणाला. "एक वाट मोकळी ठेवा. चहूबाजूंनी कोंडली की ती आपली आपण वाट काढते."

"उष्णता नाहीशी होत नाही, जागा बदलते, एवढंच ना?" मी माझी विद्वत्ता दाखवली.

"तेच म्हणतोय," म्हणून त्यानं डबा पिशवीत घातला.

नळ सोडवला, तारेच्या ब्रशनं गंज काढला, थिनरनं पुसून रबरी हातमोज्यांनीच धरला, कारण उघड्या बोटाचं तेल लागलं तरी तिथला लेप पुढे निघतो. पातळ थर दिला, वाळवला, पुन्हा दिला. मग स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजला. जिन्यात असा वास सुटला की खालच्या आजोबांनी दार वाजवून विचारलं, "केक आहे की कुणाला जाळताय?" नळ बसवल्यावर इंजिन थोडं चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं. त्यानं लेप पक्का होतो. सगळं पुस्तकात दिल्यासारखं केलं.

डब्यात लेप उरला होता. टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. धुराच्या पुढच्या पाइपाला लावला, पेट्रोलच्या नळीच्या पत्र्याला लावला. तरी उरला, म्हणून इंजिन आणि माणसं ह्यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो, त्याला इंजिनाच्या बाजूनं लावायला घेतला. माझ्या पायांसमोरचा अर्धा भाग झाला आणि लेप संपला. शेजारच्या सीटसमोरचा अर्धा पत्रा तसाच उघडा राहिला. मी बॉनेट लावलं. तिथे कोण बसतंय, म्हटलं.

आकडे पाहून मी भर दुपारी एकटीच हसले. माझ्याकडे लांबूनच तापमान सांगणारा बंदुकीसारखा तापमापक आहे, मीच तपासलेला, हिरव्या पट्टीचा. पेट्रोलच्या नळीजवळ पूर्वीच्या निम्मंही तापमान नव्हतं. शहराबाहेरच्या टेकडीवर गाडी तीनदा नेली, तीनदा वर गेली.

निम्म्याहून कमी हे खरं तर जरा जास्तच चांगलं होतं. लेपाच्या डब्यावर सुद्धा एवढा दावा नव्हता. मागून निघणारा धूरही काही फारसा गरम नव्हता. पेट्रोल तेवढंच जळत होतं. मग बाकीची उष्णता जात कुठे होती? कामाच्या जागी असा हिशेब चुकला असता तर मी यंत्र परत पाठवलं असतं. इथे मी खूश होते, त्यामुळे गप्प बसले.

पुढच्या आठवड्यात एका दवाखान्यातून ताप मोजायच्या जुन्या काचेच्या नळ्यांची पेटी आणायची होती. निघताना मी प्रत्येक नळी झटकून पारा खाली आणला आणि पेटी शेजारच्या सीटवर ठेवली. प्रयोगशाळेत येऊन उघडली. सगळ्या नळ्यांमधला पारा वर चढून एका रेघेवर थांबला होता. ३६.४. एकीचाही फरक नाही. इतक्या नळ्या इतक्या एकमतानं कधी बोलत नाहीत. त्यातल्या दोन तर दवाखान्यानं बिघडल्या म्हणून वेगळ्या बांधून दिल्या होत्या.

मी परत खाली गेले आणि शेजारच्या सीटवर हात ठेवला. ऊब होती.

उघडा राहिलेला अर्धा पत्रा, दुसरं काय. तिथून उष्णता आत येते, सीटला लागते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी स्वतःलाच हसले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन पाहिलं. गाडी रात्रभर उभी होती. आमची पार्किंगची जागा इमारतीच्या पोटात आहे, तिथे ऊन शिरत नाही. बॉनेट गार, स्टिअरिंग गार, माझी सीट गार. शेजारची सीट ३६.४.

माणूस उठून गेल्यावर सीट कोमट असते, तीसच्या आसपास, आणि बघता बघता उतरते. कपडे असतात मध्ये, कापूस असतो. ३६.४ हे सीटचं तापमान नव्हे. ते अंगाच्या आतलं तापमान आहे.

मी शिवणकामाचा खडू आणला. बोटभर अंतरानं मोजत गेले आणि जिथे ऊब संपते तिथे खूण करत गेले. पाठीचा रुंद भाग उमटला. मग मांड्या. खालच्या चटईवर दोन पावलांएवढे दोन तुकडे. पाठीची रेघ सरळ नव्हती. जो कोणी होता तो माझ्या सीटकडे जरासा कलून बसला होता.

त्या दिवशी मी रिक्षानं कामाला गेले. खोटं कशाला बोलू, घाबरले होते.

पण भीतीचंही तापमापकासारखंच असतं, फार वेळ एका जागी ठेवली की आसपासच्या हवेइतकी होते. दोन दिवसांनी मी पुन्हा गाडी काढली. पिशवी मागे ठेवली. सिग्नलला थांबले असताना डाव्या हाताला ऊब लागत होती, अगदी थोडी, जिना चढताना कुणी बाजूनं जावं तेवढी. मी म्हटलं, "आज फार गर्दी आहे नाही?" आणि माझाच आवाज ऐकून दचकले. मग घरी जाताना लांबच्या रस्त्यानं गेले. त्यानंतर रोजच लांबच्या रस्त्यानं जायला लागले. कोण होतं ते मला माहीत नव्हतं. माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, एवढं नक्की. माझ्या माणसांपैकी कुणी इतक्या रुंद पाठीचं नव्हतं. तरी मला बरं वाटायचं. मी वेडी नाही. मी फक्त फार दिवस एकटी होते.

भाचीला आणायला जायचं ठरलं तेव्हा मी शहाण्यासारखी रंगवाल्याकडे जाऊन लहान डबा मागितला.

"कुठला भाग राहिला?"

"मधल्या पत्र्याचा. शेजारच्या सीटसमोरचा."

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "तिथे बसतं कुणी?"

"अजून नाही. भाची बसेल."

"तर मग ती बसायच्या आधी लावून टाका, ताई." एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. सुट्टे पैसे देतानाही त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडलं, हातमोजे घातले, ब्रश घेतला. डब्याच्या झाकणाला पेचकस लावला. आणि थांबले. एक हात फिरवला की ती वाट बंद होणार होती. उद्या भावानं नाहीच म्हटलं तर? किंवा भाची आली, चार महिन्यांत मैत्रिणी मिळाल्या आणि गेली हॉस्टेलवर, तर? मग माझ्या शेजारी कोण? मी डबा न उघडताच डिकीत ठेवला. एवढीशी ऊब, कुणाला काय करणार आहे, असं मी मनाशी म्हटलं.

गाडी चढ न थांबता चढली. भावानं अंगणात येऊन बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. त्याला पटत नव्हतं आणि नाकारताही येत नव्हतं. "बरं," तो म्हणाला, "नाकावर टिच्चून आलीस." मग भाचीचं सामान भरायला लागला. गादी, पुस्तकं, टेबलफॅन, पिशव्या. मागची सीट छतापर्यंत भरली.

"थोडं सरकवून मागेच बस ना," मी भाचीला म्हटलं.

"का? मी काय सामान आहे?"

ती पुढे बसली. लगेच माझ्याकडे वळून बघायला लागली. "आत्या, सीट कसली उबदार आहे गं! कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी."

"ऊन लागलं असेल."

"कुठे आहे ऊन?" ती हसली. चपला काढून तिनं पाय वर घेतले आणि गुडघे दाराकडे करून मांजरासारखी अंग मुडपून बसली. लहानपणापासून ती अशीच झोपते. काच दोन बोटं खाली घेतली. हेही लहानपणापासूनच. दोन बोटं काच उघडी नसली तर तिला झोप लागत नाही.

पहिल्या वळणापर्यंत ती कॉलेजबद्दल बोलत होती. मग बोलणं तुटक झालं.

"आत्या, चादर आहे?"

"डिकीत सगळ्यात खाली गेलीय. थंडी वाजतेय?"

"थोडीशी."

"घरी गेल्यावर देते हं. जवळच आलोय."

जवळ आलो नव्हतो. ती झोपली.

उताराला लागलो तेव्हा इंजिनच्या तापमानाचा काटा हलला. इतके दिवस तो खालच्या रेघेला चिकटून होता. आता हळूहळू वर आला. उतारावर, जिथे तो वर यायचं कारण नाही.

मी तिच्याकडे पाहिलं. श्वास चालू होता.

बॉनेटच्या फटीतून जळका वास आला. ओव्हनमध्ये नळ भाजला तेव्हा आला होता, तोच.

मला गाडी थांबवायला हवी होती. पण मी भावाला न थांबता येण्याचा शब्द दिला होता, तोच परतीलाही धरून बसले.

घरी पोचलो. इंजिन बंद केलं. तिच्या बाजूची काच पूर्ण वर होती. कधी लावली, मी पाहिलं नव्हतं.

"पोचलो का?" असं म्हणून ती ताठ बसली, दार उघडून उतरली आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एका दमात जिना चढून गेली.

मी सीटवर हात ठेवला. इतका वेळ माणूस बसून उठला होता. सीट गार होती. बॉनेटला हात लावून बघितला तर बोटं भाजली. उघडून पाहिलं. नळावरचा लेप पापुद्र्यांनी सुटून खाली पडला होता.

आता ती माझ्याकडेच राहते. भाऊ फोनवर म्हणतो, "काय जादू केलीस गं? उलट उत्तर नाही, वाद नाही, रोज वेळेवर फोन." दारात दुसऱ्या चपला असतात. संध्याकाळी मी येते तेव्हा कप जागचा हललेला असतो, दिवा लागलेला असतो. ती जेवायला माझी वाट बघते. माझं बोलणं ऐकते, मनापासून ऐकते, माझ्याकडे जराशी कलून. मी इतकी सुखात कधीच नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे.

ती उताणी झोपते. सरळ, हात अंगालगत. खिडकी बंद.

"काच उघडू का जरा?" मी एकदा विचारलं.

"नको आत्या. आता नाही होत मला कोंडल्यासारखं."

मग मी प्रयोगशाळेतून कपाळाचा तापमापक आणला. थट्टेत तिच्या कपाळाला लावला. ३६.४. सकाळी उठल्यावर लावला, ३६.४. जिना धावत चढून आली तेव्हा, गार पाण्यानं अंघोळ केली तेव्हा. जिवंत माणूस पहाटे उतरतो, संध्याकाळी चढतो, रडला तरी बदलतो. एका आकड्यावर थांबतं ते आमच्या कामाच्या जागेवरचं यंत्र. तिनं कपाळ पुढे केलं होतं आणि ती हसत होती. "खरं बोलतंय ना?" तिनं विचारलं. मी तापमापक परत नेऊन ठेवला. पुन्हा आणला नाही.

आज दुपारी गाडी प्रयोगशाळेच्या आवारात उन्हात उभी होती. निघताना स्टिअरिंग धरवेना, पट्ट्याच्या कडीनं बोट भाजलं. पिशवी शेजारी ठेवायला गेले आणि हात मागे घेतला. ती सीट गार होती. नुसती उन्हातून वाचलेली नव्हे. मडक्याच्या बुडासारखी गार.

घरी येऊन पार्किंगमध्ये दार लावून बसले. कप्प्यातला खडू तसाच होता. बोटभर अंतरानं मोजत गेले.

पाठ निमुळती आली. पावलं खाली चटईवर नव्हती, सीटवरच होती, अंगाशी ओढलेली. दोन गुडघे दाराकडे.

मी खडू ठेवला.

वरून जिन्यातून हाक आली. "आत्या, ये ना गं लवकर. वाढलंय, गार होतंय."

"आले," मी म्हटलं.

मग डिकीतून चादर काढली. पूर्ण उलगडली आणि त्या खुणेवर घालून कडा नीट खोचल्या. दार लावायच्या आधी तिच्या बाजूची काच दोन बोटं खाली घेतली.